पाच लिटरचा कॅन

माझ्या नवऱ्याचं नाव रावजी. घरात मी ते तोंडाने घेत नाही, 'अहो'वर भागतं. पण गोष्ट सांगायची तर दरवेळी 'हे' 'हे' कुठवर करणार, म्हणून घेते. तर या रावजींनी आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून जपल्या. एक आमची पिकअप गाडी, आणि दुसरीही तीच. माझा नंबर कितवा, हे विचारायचं मी कधीच सोडून दिलंय.

गाडी चौदा वर्षांची. पूर्णगडच्या खाडीवर मासळी उचलायची आणि पावस, गोळप करत रत्नागिरीपर्यंत विकत जायचं, हा आमचा धंदा. रावजी गाडी चालवायचे, मी तराजू धरायचे. चार वर्षांपूर्वी यांच्या पायाला सूज यायला लागली. आधी वाटलं खाऱ्या पाण्यात उभं राहून येत असेल, मग कळलं की किडन्या गेल्या. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी रत्नागिरीला डायलिसिस. चार तास मशीनवर पडायचं आणि तीन-चार दिवसांचं अंगात साठलेलं पाणी काढून घ्यायचं. सुई घालायला डाव्या हाताची शीर धमनीला जोडून ठेवलीय, त्या हाताला जोर द्यायचा नाही. आणि आपल्याकडे गिअर नेमका डाव्या हाताला. त्यामुळे त्रेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. "कमला येतेय, बाजूला व्हा रे," म्हणून खाडीवरचे बापये, सगळे पुरुषच, सहा महिने दात काढत होते. मग त्यांनाच घाईच्या वेळी मासळी पोचवायला मी लागायला लागले, तेव्हा थांबले.

रावजी रोज माझ्या शेजारी बसून येतात. डायलिसिस असो नसो. "घरात बसून काय करू? इंजिनाचा आवाज तरी ऐकेन," म्हणतात. मी पावसच्या बाजारात टोपल्या उतरवून बसले की ते केबिनमध्ये एकटे बसलेले असतात. मला ते बरं वाटायचं. माणूस नजरेसमोर असतो.

यांना दिवसाला पाऊण लिटर पाणी. त्यात चहा आला, आमटी आली, पेजही आली. मी एक छोटा स्टीलचा पेला ठरवलाय, सकाळपासून रात्रीपर्यंत असे पाच. पहिली दोन वर्षं या पाच पेल्यांवरून आमच्या घरात जे काही झालं ते सांगण्यासारखं नाही. ते भांडले, रडले, एकदा रिकामा पेला माझ्या अंगावर फेकला. मी दगड झाले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जास्तीचं पाणी फुप्फुसात जातं, माणूस जागच्या जागी बुडतो. या मार्चपासून मात्र ते गप्प झाले. मागणं बंद. पाचवा पेला दिला की निमूट पितात आणि पेला पालथा घालतात. मला वाटलं, झाली एकदाची सवय.

पाण्याच्या बाबतीत गाडीचे नखरे यांच्यापेक्षा मोठे. रेडिएटरला तीन वर्षांपूर्वी बारीक गळती लागली, तेव्हा रावजींनी त्यात दोन चमचे हळद घातली. ड्रायव्हर लोकांची ती जुनी युक्ती, हळद जाऊन भोकात बसते आणि गळती थांबते. थांबलीही. पण तेव्हापासून पाणी थोडं थोडं कमी होतंच. दुकानात मिळतं ते हिरवं कूलंट घाला म्हणून कोणी सांगितलं की रावजी हसायचे. त्यांचा नियम एकच. गाडीत फक्त आपल्या विहिरीचं पाणी, तेही फडक्यातून गाळलेलं. त्यासाठी खाण्याच्या तेलाचा एक पाच लिटरचा पिवळा कॅन त्यांनी धुऊन ठेवला होता. तो त्यांच्याच पायाशी असायचा. सकाळी निघताना मी भरायचा, वाटेत एकदा बॉनेट उघडून रेडिएटर बघायचा, लागेल तेवढं ओतायचं.

मार्चमध्येच कधीतरी माझ्या लक्षात आलं की कॅन फुटलाय. सकाळी अर्धा भरावा, आणि पावसला बॉनेट उघडावं तर त्यातलं निम्मं गायब. कुठून गळतो ते कळेना. मासेवाल्यांच्या गाडीत पायाखाली कोरडं असतं कधी? बर्फाचं पाणी, माझ्या साडीचं पाणी, सगळी मॅट कायम ओली. मी बूच बदललं, खालून डांबराचा ठिपका लावला. रावजींना बोलले नाही. बोलले असते तर गाडीच्या काळजीने त्यांनी जीव खाल्ला असता, आणि नवीन कॅन आणेपर्यंत मला झोपू दिलं नसतं. आणि विहिरीनेही तळ गाठला होता. दोन हंडे घरात, अर्धा कॅन गाडीत, एवढाच हिशेब जमत होता. त्यातलंही निम्मं रोज मातीत जातंय म्हटल्यावर माझंच डोकं फिरायचं.

मग मी एक शक्कल काढली. मासळीच्या क्रेटमध्ये तळाला बर्फाचं पाणी साठतं. ते मी पदराच्या टोकाने एका डब्यात गाळायचे आणि कमी पडेल तेवढं रेडिएटरमध्ये ओतायचे. एवढं थंडगार पाणी, गाडी तापते म्हणून आपण रडतो, मग याच्यापेक्षा चांगलं काय? मला स्वतःचं कौतुकच वाटलं. बॉनेट वर उचललं की पुढची काच झाकते. मी यांना दिसत नाही, हे मला दिसत नाहीत. त्यामुळे सांगायची गरजच पडली नाही.

मे महिना लागला आणि गाडी चढाला तापायला लागली. त्या मंगळवारी पावसच्या अलीकडे काटा लालवर जाऊन टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ. झाकण उघडताना माझा हात पोळला. दीपक मिस्त्री येईपर्यंत अकरा वाजले, मशीन दुसऱ्या पेशंटला गेलं, आणि हॉस्पिटलातून सांगितलं, आता शुक्रवारी या. दीपकने झाकण बदललं, वरचा पाइप बदलला, पट्टा आवळला. जाळीत आंब्याची पानं नि कचरा अडकला होता तो फुंकून काढला. "आता नाय तापणार, वहिनी," म्हणाला. त्याचा काही दोष नाही. त्याने सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं, हे एक सोडून. कारण हे काही सांगण्यासारखं आहे हेच मला ठाऊक नव्हतं. पाणी ते पाणी.

शुक्रवार उजाडला तेव्हा रावजींचे डोळे सुजून बारीक झाले होते. पायात चप्पल शिरेना. रात्रभर उशीला टेकून बसूनच काढली होती, आडवं झालं की श्वास अडकत होता. मी खाडीवर जाऊन दोनच क्रेट घेतले, तेही ठरलेल्या गिऱ्हाइकांचे, बर्फ मारला आणि निघाले. मशीन दहाला. साडेदहापर्यंत थांबतात, त्यापुढे नाही. पुढची पाळी थेट मंगळवारची, आणि मंगळवारपर्यंत हा माणूस राहणार नाही हे मला कोणी सांगायला नको होतं.

पावसच्या पुढे मी गाडी थांबवली, बॉनेट उघडलं, पाणी बघितलं. थोडं कमी होतं. कॅनमधून ओतायला गेले तर कॅनमध्ये जेमतेम लिटरभर. चरफडत तेवढं ओतलं आणि निघाले. गोळपच्या चढाला दुसरा गिअर टाकला आणि काट्याकडे बघितलं. तो उठला होता.

"बग नको त्याच्याकडं," रावजी म्हणाले. "एसी नाय, काय नाय, दुसऱ्यावर हळू घे."

मी हळू घेतलं. काटा हळू घेईना. चढाच्या शेवटच्या वळणावर तोच उकळत्या मडक्यासारखा आवाज आणि वाफ. मी कशीबशी वरच्या सड्यावर, उघड्या कातळावर, गाडी घेतली आणि बंद केली. नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

तुम्ही तो सडा बघितला असेल तर तुम्हाला कळेल. वर आभाळ, खाली जांभा, झाड म्हणावं तर पार लांब, आंब्याच्या कलमांच्या दगडी गडग्यापलीकडे. पाणी कुठे नाही. मी बॉनेट वर केलं आणि नुसती उभी राहिले. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, निदान वीस मिनिटं, हे माझ्या हातावरच्या फोडानेच मला शिकवलं होतं. आणि वीस मिनिटं माझ्याकडे नव्हती.

"पट्टा बग," केबिनमधून रावजींचा आवाज आला. एकेक शब्द श्वास घेऊन टाकत होते. "तुटला काय?"

"नाय. आहे."

"पंखा हातान फिरव. मोकळा फिरतो?"

"फिरतो."

"खालचा पाइप. धरून बग, गरम हाय की गार?"

मी साडीच्या पदराने धरून बघितला. वरचा हात लावू देत नव्हता, खालचा कोमट होता. तसं सांगितलं.

रावजींनी आतूनच हिशेब मांडला. मग म्हणाले, "म्हंजे पाणी आत फिरत नाय गो. पाणी अडवणारा वॉल्व तर मीच मागं काढून टाकलाय. म्हंजे रेडिएटर बुजलाय, नायतर पंप गेलाय." आणि मग, "माजीच हळद बसली असंल आत." त्यांच्या आवाजात जे होतं ते ऐकून मला बॉनेटच्या मागून बाहेर यावंसं वाटेना.

मी पावसच्या सुजयला फोन लावला. त्याची रिक्षा आहे. तो भाडं घेऊन रत्नागिरीत पोचलेला. म्हणाला, "उलटा निघतो काकी, पण अर्धा-पाऊण तास धर." ॲम्ब्युलन्सला लावला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, आल्यावर पाठवतो म्हणाले. दोन मोटरसायकली गेल्या. एक आंब्याच्या पेट्यांनी भरलेली गाडी गेली, तिच्या केबिनमध्येच चौघं होते, तरी बिचाऱ्याने थांबून विचारलं. काय सांगणार?

मग एसटी आली. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. ड्रायव्हरने थांबवली, कंडक्टर खाली उतरला, चांगला माणूस होता. आम्ही दोघांनी रावजींना धरून दारापर्यंत नेलं. एसटीच्या पायऱ्या कोणी आजाऱ्यासाठी बांधलेल्या नसतात. पहिली पायरी चढले. दुसरीवर गुडघा उचलला आणि तिथेच थांबले, तोंड उघडं, मासा टोपलीत पडल्यावर करतो तसं. आतून एकजण म्हणाला, खालून उचला. दुसरा म्हणाला, आडवे घ्या. आडवा घेतला तर या माणसाचा श्वास थांबतो हे मी ओरडून सांगितलं, तर एक बाई म्हणाली, "ओरडू नका हो, आम्ही काय केलं?" खरंच, त्यांनी काय केलं होतं? रावजींनी उजव्या हाताने 'जा' अशी खूण केली. कंडक्टर दोनदा म्हणाला, बघा, अजून प्रयत्न करू. मग ड्रायव्हरने घड्याळाकडे बघितलं आणि एसटी गेली. मी यांना परत केबिनमध्ये बसवलं. त्या पाच मिनिटांत मी देवाला, एसटीला आणि माझ्या गाडीला ज्या शिव्या घातल्या त्या लिहिता येणार नाहीत.

दहाला पाच कमी असताना मी झाकणावर पोतं टाकलं आणि पाव फेरा फिरवलं. वाफ फुसफुसत निघून गेली, मग उरलेलं उघडलं. आत पाणी दिसतच नव्हतं. तीन-चार लिटर तरी हवं होतं, आणि कॅन रिकामा. मी सवयीने मागे गेले, क्रेट कलता केला आणि तळाचं पाणी कॅनमध्ये उतरवून घेतलं. परत येताना रावजी बाजूच्या आरशातून माझ्याकडे बघत होते.

"काय आणलंस?"

"बर्फाचं पाणी."

"हिकडं आण."

मी कॅन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. ज्या माणसाला मीठ बंद आहे, पाणी बंद आहे, त्याने ते बोट चाटलं आणि डोळे मिटले.

"खारट," म्हणाले. "बर्फात मीठ मारतात गो. टिकावा म्हणून. विसरलंस?"

विसरले नव्हते. मीच कितीदा मारलंय. मुठीने मारलंय. फक्त क्रेटमधलं मीठ आणि रेडिएटरमधलं पाणी या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी बसल्या नव्हत्या.

"आधी कदी ओतलंस?"

"मार्चपासून."

"रोज?"

"जवळजवळ."

मी वाट बघत होते की आता फुटतील. चौदा वर्षं ज्याने त्या इंजिनाला दुसरं पाणी दाखवलं नाही, त्याच्या बायकोने अडीच महिने त्याच इंजिनाला मीठ पाजलं होतं. पंप खाल्ला असेल, आतल्या नळ्या खाल्ल्या असतील, हळदीच्या थरावर मिठाचा थर बसला असेल. हे मला नंतर दीपकने समजावलं, रावजींना ते त्या एका बोटात कळलं असणार.

"विहिरीचा पाणी असताना?" एवढंच त्यांनी विचारलं.

"कुठे असतं?" मी रडकुंडीला आले होते, म्हणून जास्तच चढ्या आवाजात बोलले. "कॅन फुटकाय तुमचा! रोज भरते आणि रोज अर्धा रिकामा. मी काय करू? तुम्हाला सांगून डोक्याला ताप कशाला, म्हणून नाय बोलले."

रावजींनी माझ्याकडे बघितलं. त्या सुजलेल्या डोळ्यांत काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. मला वाटलं, इंजिनाचं दुःख. नजर कॅनकडे वळली. मग त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "वत."

"हेच खारट?"

"दुसरा हाय काय? वत, आणि हिटर पुरा खोल."

आमच्या गाडीला हिटर आहे. कोकणात त्याचं काय काम, म्हणून चौदा वर्षांत एकदाही लावला नव्हता. पण तो लावला की इंजिनाची आग केबिनमध्ये खेचली जाते आणि इंजिनाला तेवढाच श्वास मिळतो, असं रावजींनी मला कधीतरी सांगितलं होतं.

"अहो, तुम्हाला धाप लागलीय. मे महिना आहे."

"पाच-सात मिनटा जास्त चालंल. भाट्यापर्यंत उतारच हाय." आणि मग त्यांनी जे म्हटलं ते त्यांच्या तोंडून मी कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं. "काट्याकडं बगू नको. जळू दे इंजिन. चल."

मी चालवली. उताराला गिअर काढून सोडली, सपाटीला परत घातला. समोरून भट्टीचं दार उघडल्यासारखी हवा येत होती. रावजींनी टॉवेल तोंडावर धरला होता आणि खिडकीतून डोकं बाहेर काढायचा प्रयत्न करत होते, पण मान तेवढी वळत नव्हती. मी दोनदा हिटर बंद करायला हात नेला, दोन्ही वेळा त्यांनी तो बाजूला सारला. गाडी वाचवायची तर यांना भाजायचं, यांना वाचवायचं तर गाडीला भाजायचं, आणि मी दोघांनाही एकाच वेळी भाजत होते. मागे पांढरा धूर सुटला होता. मी काट्याकडे बघितलं नाही. ऐकू मात्र येत होतं. आधी आवाज कोरडा झाला, मग खडखड, मग एक धातूवर धातू घासल्याची किंकाळी, आणि भाट्याच्या पुलावर, मधोमध, खाली खाडी आणि समोर रत्नागिरी दिसत असताना गाडी जागच्या जागी गच्च झाली. मी चावी फिरवली. काहीच नाही.

"सोड आता," रावजी म्हणाले. त्यांनी उजव्या हाताने डॅशबोर्डवर एकदा थोपटलं, बैलाला थोपटतात तसं.

पुलाच्या त्या टोकाकडून सुजयची रिक्षा येताना दिसली तेव्हा सव्वादहा झाले होते. मी यांना उतरवलं, फाइल घेतली, टॉवेल घेतला, आणि कॅनही घेतला. का घेतला, देव जाणे. हाताला सवय. मासळी तशीच राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा साडेदहाला दोन मिनिटं होती. तेजस्वी सिस्टर दाराशीच होती. तिने यांना बघितलं आणि काही न विचारता वजनकाट्यावर उभं केलं.

"सहा किलो आठशे जास्त," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मंगळवार चुकला ते धरूनही तीन-साडेतीन व्हायला हवं. हे दुप्पट आहे. मार्चपासून असंच चाललंय, दरवेळी मी यांना विचारते, हे नुसते हसतात. कमलाताई, पाणी किती देता तुम्ही यांना?"

"पाच पेले! मोजून!" माझा आधीच सकाळपासून तोल गेलेला. "वरचा थेंब देत नाय मी. माझ्यावर आळ घेऊ नका."

"मग येतं कुठून एवढं?"

रावजी छताकडे बघत होते. सिस्टरने मला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

बाहेर बाकड्यावर बसले. गाडी गेली होती. पुढच्या मंगळवारी यांना कशातून आणणार? हातात कॅन होता. एवढं सगळं या कॅनपायी झालं, मला त्याचा इतका राग आला की म्हटलं, बघू तरी मेला फुटलाय कुठे. पॅसेजच्या टोकाला नळ होता. कॅन खळखळून धुतला, गळ्यापर्यंत भरला, बाहेरून पदराने कोरडा पुसला आणि बाकड्यासमोर फरशीवर ठेवला. इथे बर्फ नाही, मॅट नाही. पांढरी कोरडी फरशी. आता दिसेल.

पाच मिनिटं झाली. काही नाही. मी खाली बसून तळाला बोट लावलं, कोरडं. कॅन आडवा करून ठेवला. उलटा धरला. दाबला. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. फरशीवर एक थेंब पडला नाही.

एखादी गोष्ट कळायची असते तेव्हा एकदम नाही कळत. आधी मला माझ्या डांबराच्या ठिपक्याचंच कौतुक वाटलं, मग आठवलं की तो लावल्यानंतरही कॅन रिकामा होतच होता. मग आठवलं, तो कॅन कुणाच्या पायाशी असायचा. पावसच्या बाजारात मी टोपल्या घेऊन बसायचे तेव्हा केबिनमध्ये कोण असायचं. आणि बॉनेट. बॉनेट वर केलं की मी यांना दिसायचे नाही आणि हे मला दिसायचे नाहीत. मी इकडे चोरून बर्फाचं पाणी ओतत होते, तेव्हा ते काचेपलीकडे, एका चांगल्या हाताने कॅन उचलून, बूच दातांनी काढून, घाईघाईने पीत असतील. बॉनेट खाली येण्याच्या आवाजाकडे कान लावून. मार्चपासून मागणं बंद झालं होतं. मी म्हणत होते, सवय झाली.

पहिल्यांदा संताप आला. मरायचं होतं तर सांगायचं होतं. मी पाच पेले मोजत, लोकांची बोलणी खात, रोज मन मारत होते ते कुणासाठी? मग सड्यावरचे त्यांचे ते डोळे आठवले. मी 'कॅन फुटकाय तुमचा' म्हणून ओरडले तेव्हा त्यांना सगळं एकदम कळलं होतं. आपण पाणी चोरलं म्हणून मी मीठ ओतलं आणि इंजिन मेलं, तेही कळलं. तरी मला एक शब्द बोलले नाहीत, आणि स्वतःबद्दलही एक शब्द बोलता आला नाही. पन्नाशीच्या माणसाला घोटभर पाणी चोरून प्यावं लागतं, याच्याइतकं लाजिरवाणं काय असेल? मी पॅसेजमध्ये बसून रडले. येणारेजाणारे बघत होते, बघू देत.

अडीचच्या सुमारास दार उघडलं. तेजस्वी सिस्टर बाहेर आली, आता आवाज मऊ होता. "ताई, डॉक्टर विचारतायत, म्हणून परत विचारते. रागावणार नाही. पाणी कोण देत होतं यांना?"

तिच्या मागे दार उघडंच होतं. रावजी खाटेवर टेकून बसले होते, सूज उतरून चेहरा जरा ओळखीचा झाला होता. त्यांची नजर माझ्यावर नव्हती. फरशीवरच्या भरलेल्या कॅनवर होती, आणि त्याच्याभोवतीच्या कोरड्या फरशीवर.

"मीच," मी म्हटलं. "मागतात, मग राहवत नाय. मीच देत होते."

मग सिस्टर रागावलीच. तुम्ही शिकलेल्या नाही का, तुम्हाला कितीदा सांगितलं, नवरा जड झालाय का तुम्हाला, असं बरंच काही बोलली. मी मान हलवत ऐकून घेतलं. ती गेली तेव्हा मी आत जाऊन यांच्या उशाशी उभी राहिले. त्यांचे ओठ कोरडे पडले होते, सालं निघाली होती. मी पदराच्या टोकाने ते पुसले.

"कमला," ते म्हणाले. "तो कॅन..."

"फुटकाय तो," मी म्हटलं. "टाकून देतेय." आणि बाहेर येऊन तो गच्च भरलेला कॅन उचलला, आणि त्यांना आवाज जाऊ नये म्हणून पार टोकाच्या मोरीपाशी नेऊन हळूहळू रिकामा केला.